दुर्गम भागात चित्रकाम: दमट हवा, वीज, पाणी आणि चित्रांची पाठवणी

जलरेषा:

नमस्कार. माध्यम जलरंग आणि अ‍ॅक्रिलिक, कागद आणि कॅनव्हास दोन्ही, मोठ्यात मोठं चित्र ९० × ६० सेंमी. जागा वस्तीपासून लांब आहे. मातीच्या भिंती, कौलं, चार महिने सलग पाऊस. वीज कधीही जाते, पाणी बोअरचं, रेंज आहे पण अपलोड रखडतं. चित्रं पाठवायची तर सगळ्यात जवळचं कुरिअर अडीच तासांवर.

निसर्गाचं सान्निध्य, एकांत, प्रेरणा वगैरेंवर वाचायला भरपूर मिळतं. इथे कृपया त्याखेरीज बोलूया.

१. पावसाळ्यात कोऱ्या कागदाची साठवण कशी करावी? जुन्या कागदावर रंग ठिपक्याठिपक्यांनी आत शिरतो, सपाट वॉश (पातळ रंगाचा सलग थर) बसतच नाही.
२. संध्याकाळी रंग नीट दिसतील असा दिवा बॅटरीवर चालवायचा तर हिशोब कसा मांडायचा?
३. चित्रांचे फोटो घरीच काढून छपाईच्या दर्जाच्या फाइल पाठवता येतात का?
४. वाटेत चित्र खराब होऊ नये म्हणून पॅकिंग कसं करायचं?

घडी_मोडू_नका:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. बाकीचं जाणकार सांगतीलच.

रंग ठिपक्यांनी आत शिरतो याचा अर्थ कागदाचं सायझिंग (पाणी लगेच आत शोषलं जाऊ नये म्हणून दिलेला लेप) गेलंय. जलरंगाच्या बऱ्याच चांगल्या कागदांना जिलेटिनचं सायझिंग असतं आणि बुरशीला ते फार आवडतं. बुरशी डोळ्यांना दिसण्याआधीच सायझिंग जागोजागी खाल्लेलं असतं. तपासायचं असेल तर कोपऱ्यात स्वच्छ पाण्याचा एक पट्टा ओढा आणि कागद तिरपा धरून बघा. गडद ठिपके लगेच उमटले तर तो कागद वॉशसाठी बाद. फेकू मात्र नका, अ‍ॅक्रिलिक, पेन्सिल, कोळसा यांना तो चालतो. पुन्हा सायझिंगही करता येतं: १ लिटर पाण्यात १५ ते २० ग्रॅम जिलेटिन आधी थंड पाण्यात भिजवायचं, मग ५०-६० अंशांवर विरघळवायचं (उकळायचं नाही, पकड कमी होते) आणि रुंद ब्रशने लावायचं. हे कोरड्या हवेतच करा. पावसाळ्यात केलं तर बुरशीला ताजं ताट वाढल्यासारखं होईल.

आता साठवण. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचा धोका सुरू होतो, ७० च्या वर ती येणारच असं धरून चाला. लक्ष्य ४५ ते ५५. त्यासाठी आधी आर्द्रतामापक घ्या आणि तो खरं बोलतोय का ते तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेऊन त्यावर पाण्याचे काही थेंब टाका. मीठ ओलं चिकट व्हावं, विरघळू नये. ते झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून ८-१० तास सावलीत ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर पुढे प्रत्येक वाचनात ५ मिळवायचे. स्वस्त मापकांत एवढा फरक सर्रास असतो.

कागद रबरी सील असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलसह. जेल किती हा हिशोब सहसा कोणी करत नाही, आणि गाडी तिथेच अडते. कागद स्वतःच पाणी धरून असतो: ८० टक्के आर्द्रतेत वजनाच्या साधारण १०-११ टक्के, ५० टक्क्यांत ६-७ टक्के. म्हणजे ५ किलो कागद ८० वरून ५० वर आणायचा तर त्यातून सुमारे २०० ग्रॅम पाणी बाहेर काढावं लागेल. ५० टक्के आर्द्रतेला सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाव भाग पाणी धरतं. मग जेल लागलं ८०० ग्रॅम, सोयीसाठी १ किलो धरा. बुटांच्या खोक्यातल्या २-३ ग्रॅमच्या पुड्या टाकून काहीच होत नाही ते यामुळे. कागद कोरड्या ऋतूतच डब्यात बंद केला तर जेलला फक्त सीलमधून झिरपणारी ओल सांभाळायची असते, मग पाव किलोतही भागतं.

जेल परत वापरायला ट्रेमध्ये पातळ पसरून ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा आणि झाकणबंद बरणीत गार करूनच डब्यात ठेवा. निळा प्रकार टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी घ्या. रंगावर विसंबण्यापेक्षा कोरड्या पिशवीचं वजन पिशवीवरच लिहून ठेवा आणि महिन्याला वजन करा, म्हणजे किती पाणी प्यायलं ते नेमकं कळतं.

डबा नको असेल तर लाकडी कपाटात सौम्य उष्णता. २५ अंशांना ८० टक्के असलेली हवा ३० अंशांवर गेली की तीच ६० टक्के होते, पाणी तेवढंच राहूनही. कपाटाच्या तळाशी १५-२० वॉटचा हीटर, वर हवा जायला फट.

कपाट काय, मांडणी काय, बाहेरच्या भिंतीपासून १०-१५ सेंमी पुढे हवी. टांगलेल्या फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळती ठेवा. मातीच्या भिंतीला वाळवीचीही वाट असते. भिंत आणि मांडणी यांत मोकळी जागा असली की तिची मातीची नळी निदान नजरेला पडते. डांबरगोळ्या नकोत, वाफ विषारी असते आणि काही प्लॅस्टिकं त्यांनी मऊ पडतात.

बुरशी आलेलं चित्र आधी कोरडं होऊ द्या, मग बाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडा, तोंडाला एन९५ मास्क लावून. ओल्या फडक्याने पुसलंत तर डाग कायमचा कागदात जातो.

बारा_व्होल्ट:

कपाटातल्या हीटरचं तत्त्व बरोबर, पण जिथे वीज भरवशाची नाही तिथे तो उपाय लंगडा आहे. २० वॉट × २४ तास = रोजचे ४८० वॉट-अवर. वीज गेली की कपाट थंड पडतं आणि आर्द्रता होती तिथे परत जाते. बॅटरीवर चालवायचा विचारही करू नका. माझं मत सरळ डब्याला.

दिव्याचा हिशोब त्यामानाने सोपा. २० वॉटचा एलईडी रोज ४ तास म्हणजे ८० वॉट-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून क्षमता दुप्पट धरा: १६० वॉट-अवर, १२ व्होल्टला साधारण १४ अँपिअर-अवर. बाजारात मिळणारी १८ किंवा २० ची घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, ९-१० अँपिअर-अवरची पुरते.

पॅनेल: चार्जिंगमधली गळती धरून ८० चे ११५ करा. चांगल्या उन्हात दिवसाला पूर्ण तीव्रतेचे ४ तास मिळतात, तेव्हा ३० वॉटचं पॅनेलही चालेल. भर पावसाळ्यात तेच सव्वा तासावर येतं. ११५ ÷ १.२५ = ९२. म्हणून १०० वॉटचं घ्या. उन्हाळ्याच्या हिशोबाने पॅनेल घेणं ही यातली सगळ्यात नेहमीची चूक, कारण दिवा लागतो तो नेमका पावसाळ्यात.

इन्व्हर्टर मध्ये आणू नका, १२ व्होल्टवर थेट चालणारा दिवा लावा. मात्र १२ व्होल्टची साधी एलईडी पट्टी बॅटरीला सरळ जोडली तर चार्जिंगच्या वेळी तिला १४.४ पर्यंत व्होल्टेज मिळतं आणि ती लवकर जळते. १० ते ३० व्होल्ट चालवून घेणारा ड्रायव्हर मध्ये टाका. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज. लाकडी आढं असलेल्या घरात हा फ्यूज राहून गेलेला चालत नाही.

दिवा घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या वर, रंगतापमान ५००० केल्विन. आर९ नावाचा आकडाही बघा, गडद लाल किती खरा दिसतो ते त्यावरून कळतं. एकूण सीआरआय ८० असलेल्या दिव्यांत तो बऱ्याचदा शून्याच्या आसपास असतो, आणि मग रात्री केलेलं लालाचं मिश्रण सकाळी भलतंच निघतं. दिवा लुकलुकतो का ते बघायला त्याच्यासमोर पेन्सिल जोरात हलवा. सलग पुसट पट्ट्याऐवजी सुट्यासुट्या पेन्सिली दिसल्या तर लुकलुकतो. डोळे दुखतात आणि त्या उजेडात काढलेल्या फोटोंवर पट्टे येतात.

तळ_गढूळ:

पाण्याबद्दल विचारलेलं नाहीत, पण बोअर म्हटल्यावर सांगावंच लागेल.

जड पाण्याने गडद वॉशवर वाळल्यावर पांढुरकी साय दिसते. लोह असेल तर आणखी वाईट, वर्षभराने कागदावर तपकिरी ठिपके येऊ शकतात. रंगासाठी पावसाचं पाणी साठवा (पहिल्या एक-दोन सरींचं छपरावरचं पाणी सोडून द्या) किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. बाटलीवर अ‍ॅसिड लिहिलेलं नाही ना तेवढं बघा. ब्रश धुवायला बोअरचं चालतं, शेवटची खळबळ चांगल्या पाण्यात.

धुतलेलं पाणी विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका. अ‍ॅक्रिलिकचं पाणी बादलीत जमवा. लिटरला ३-४ ग्रॅम तुरटीची पूड विरघळवा, मग विरी गेलेला चुना चिमटीचिमटीने घाला आणि पीएच पट्टीवर ७ च्या आसपास आलं की थांबा. काही तासांत रंगाचे पुंजके तळाशी बसतात. वरचं पाणी दाट कापडातून गाळून शोषखड्ड्यात, गाळ वाळवून सुक्या कचऱ्यात. पाणी कितीही नितळ दिसलं तरी प्यायला, गुरांना किंवा भाजीला नाही.

अवांतर: कोणी तैलरंग वापरत असेल तर अळशीच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, नाहीतर बाहेर एकेक पदर सुटा पसरून वाळवा.

जलरेषा:

सगळ्यांचे आभार. डबाच करते. फोटोंबद्दल थोडं नेमकं विचारते: अंगणात सावलीत काढले की पांढरा कागद हिरवट येतो, खालची कड तांबूस. व्हाइट बॅलन्स बदलला तर एक बाजू सुधारते, दुसरी बिघडते. कॅमेरा साधा डीएसएलआर आहे, ५० मिमी लेन्स.

तिरपी_नजर:

व्हाइट बॅलन्स सगळ्या चित्राला एकच दुरुस्ती लावतो आणि तुमच्या चित्रावर तीन वेगळे उजेड पडतायत: वरून आकाशाचा निळसर, बाजूने झाडांवरून आलेला हिरवा, खालून लाल मातीचा. सॉफ्टवेअरमध्ये हे सुटत नाही, जागेवरच सोडवायचं.

दिवस पूर्ण ढगाळ निवडा. पाऊस थांबून आभाळ एकसारखं पांढुरकं असेल ती वेळ उत्तम. चित्राचं तोंड झाडांकडे नाही, मोकळ्या आभाळाकडे. त्या बाजूची झाडं त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवीत. चित्रासमोर जमिनीवर दोन बाय दोन मीटरचं काळं कापड अंथरा, तांबूस कड तिथेच जाईल. अंगात काळे किंवा करडे कपडे, लाल कुर्त्याचाही रंग चित्रावर येतो.

चित्र लावायच्या आधी त्याच जागी कोरा पांढरा कागद लावून एक फोटो घ्या आणि चारही कोपरे व मध्य यांचे आरजीबी आकडे बघा. २५५ पैकी ५-६ चा फरक चालेल. २० असेल तर जागा बदला.

कॅमेरा चित्राला अगदी समांतर हवा. चित्राच्या मध्यावर छोटा सपाट आरसा टेकवा (वाळलेल्या चित्रावर, खाली मऊ कागद ठेवून) आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की समांतर. स्पिरिट लेव्हलपेक्षा हे अचूक आहे, कारण चित्र थोडं कललेलं असलं तरी चालतं.

ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८, २ सेकंदांचा टायमर, रॉ फाइल. शटर १/४ सेकंदापर्यंत गेलं तरी हरकत नाही, पण वाऱ्याने चित्र हलतं, त्यामुळे पाठीमागून वजन द्या. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवायला लागणारं करडं कार्ड), आणि ढग हलत असतील तर दर दहा मिनिटांनी पुन्हा.

फाइलचं म्हणाल तर ४० × ५० सेंमीची छपाई ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) हवी असेल तर ४७२४ × ५९०६ पिक्सेल लागतात, म्हणजे जवळपास २८ मेगापिक्सेल. कॅमेरा २४ चा असेल तर २५० पीपीआयच्या आसपास भरतं आणि ते पुरतं. ओढूनताणून मोठी करू नका, छापणाऱ्याला आहे तीच द्या. २८ मेगापिक्सेलची ८ बिट टिफ ८४ एमबी होते. अपलोडचा वेग २५६ केबीपीएस असेल तर तिला पाऊण तास लागतो आणि मध्येच रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. सेव्हन-झिपने तिचे १०-१० एमबीचे तुकडे करा. तुटला तर एकच तुकडा पुन्हा जातो. वेग बघून पहाटे लावा. निवडीसाठी, वेबसाइटसाठी किंवा ईमेलला १६०० पिक्सेल लांब बाजूची एसआरजीबी जेपेग पुरेशी आहे, बहुधा अर्ध्या एमबीच्या आत बसते. दहा-बारा टिफ एकदम द्यायच्या असतील तर मेमरी कार्डवर घालून चित्रांबरोबरच पाठवा आणि दुसरी प्रत घरी ठेवा. नेटपेक्षा ते लवकर पोचतं.

दोरी_आणि_पुठ्ठा:

पॅकिंग.

अ‍ॅक्रिलिक हाताला कोरडं लागतं तेव्हा आतून कोरडं नसतं. पातळ थराला दोन आठवडे, जाड थराला महिना, दमट हवेत त्याहून जास्त. खात्री करायला चित्राच्या कडेला पॉलिथिनचा तुकडा ठेवून त्यावर १ किलोचं वजन रात्रभर ठेवा. सकाळी चिकटला किंवा चकाकीचा डाग राहिला तर पॅक करू नका. पूर्ण वाळलेलं अ‍ॅक्रिलिकही उन्हात तापलेल्या गाडीत मऊ होतं, त्यामुळे पृष्ठभागाला टेकणारी पहिली वस्तू सिलिकॉनचा लेप असलेला कागद किंवा स्वच्छ पॉलिथिन. बबल रॅप थेट कधीच नाही, फुग्यांचे गोल ठसे उमटतात आणि जात नाहीत. वरच्या थरात वापरा.

कॅनव्हास गुंडाळायचा तर रंगाची बाजू बाहेर. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन सुरकुततो. गाभ्याची नळी १५ सेंमी व्यासाची, त्यावर कॅनव्हास, वरून पॉलिथिन आणि हे सगळं आणखी मोठ्या नळीत, दोन्ही टोकांना फोम, म्हणजे चित्र बाहेरच्या नळीला कुठेच टेकत नाही. रंगाचे जाड उंचवटे असतील तर गुंडाळायचंच नाही, चौकटीसकट सपाट पाठवायचं.

कागदावरचं चित्र दोन पन्हाळी पुठ्ठ्यांच्या मध्ये. दोन्ही पुठ्ठ्यांच्या नाळी एकमेकींना काटकोनात हव्यात: एकाच दिशेत असतील तर पुठ्ठा त्या रेषेवर दुमडतो आणि चित्रही. चित्रापेक्षा चारी बाजूंनी ५ सेंमी जास्त. चित्राला टेप लावू नका. कागदाचे चार कोपरखिसे करून ते पुठ्ठ्याला चिकटवा आणि चित्राचे कोपरे त्यांत अडकवा. मग प्लॅस्टिकची पिशवी, तीत १० ग्रॅम जेल, आणि पिशवी बंद करायची ती आर्द्रतामापक ५५ च्या खाली असतानाच. दमट दिवशी बंद केलेली पिशवी रात्री गार झाली की आतून घामेजते. त्यापेक्षा पिशवी न घातलेली परवडली.

काच पाठवू नका, फ्रेमला अ‍ॅक्रिलिक शीट लावा. «नाजूक» असं लिहिलेल्या पट्टीवर भरवसा नको. खोकं कंबरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पडणार असं समजून बांधा, कोपऱ्यांना दुहेरी पुठ्ठा. बंद करून हलवा, आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा. चित्राचे पुढून-मागून आणि पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह ठेवा, नुकसानभरपाई मागताना तेवढाच पुरावा असतो.

जलरेषा:

लाकडी खोकं कधी लागतं? आणि खोक्याच्या आकाराचा पैशांवर किती फरक पडतो?

दोरी_आणि_पुठ्ठा:

लाकडी खोकं फक्त फळीवरच्या चित्राला, जड फ्रेमला किंवा परदेशी प्रदर्शनाला. झाकण स्क्रूने बसवा, खिळ्यांनी नाही: वाटेत तपासणीला उघडतात आणि परत बंदही करावं लागतं. परदेशी जाणार असेल तर आयएसपीएम १५ हा नियम बघा. कच्चं लाकूड असेल तर ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आणि त्यावर तसा शिक्का हवा. प्लायवूडला यातून सूट आहे. घोटाळा होतो तो प्लायवूडच्या खोक्याला आतून साध्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्याने. ६ मिमीपेक्षा जाड कच्च्या पट्टीला नियम लागू होतो आणि माल अडकतो. पट्ट्याही प्लायवूडच्याच कापा.

आकाराचा फरक मोठा. बऱ्याच कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारवजन यांतलं जे जास्त असेल ते धरतात. आकारवजनासाठी लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ८० × ६० × १२ च्या खोक्याचं साडेअकरा किलो होतं, आत चित्र दीड किलोचं का असेना. उंची १२ ची ८ केली की पावणेआठ किलो. म्हणून चित्रांची दोन-तीनच ठरावीक मापं ठेवा आणि त्यांचे पुठ्ठे, फोम, कोपरखिसे कोरड्या ऋतूतच कापून जेलच्या डब्याशेजारी सीलबंद ठेवा. पुठ्ठासुद्धा ओल धरतो आणि ओला पुठ्ठा निम्माही भार घेत नाही.